चौतीस बायका नापास

विद्यापीठाच्या पहिल्या मजल्यावरचे साहेब हो, तुम्ही तो जिना कधी चढला नाहीत. विभाग सुरू होऊन सहा वर्षं झाली, सहा वर्षांत एकदाही नाही. अर्धांगाचा झटका आलेली, हाडं मोडून जुळलेली, स्वतःचंच अंग ऐकेनासं झालेली माणसं जिथे पुन्हा बटण लावायला, कणीक मळायला, केस विंचरायला शिकतात, तो विभाग तुम्ही तिसऱ्या मजल्यावर नेऊन टाकलात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत. चौसष्ट पायऱ्या आहेत. आणि वर्षातून दोनदा खालून कागद पाठवत राहिलात, की रुग्णांची उपस्थिती कमी का. एवढ्यावर तरी थांबायचंत. पण पंचवार्षिक आराखड्याच्या पान सतरावर तुम्ही चार ओळी लिहिल्यात, आणि त्या चार ओळींत चौतीस बायकांना बिनकामाच्या ठरवून मोकळे झालात.

त्या चौतिसांतली एक उल्कान. तिच्यापासून सुरुवात करू.

उल्कान एकसष्ट वर्षांची. बिश्केक शहरात सत्तावीस वर्षं तिने ट्रॉलीबस चालवली. बर्फात, धुरात, दारुड्यांशी भांडत. फेब्रुवारीत सकाळी तोंड धुताना ती पडली, ती उठली तेव्हा उजवा हात लोंबता आणि ओठ एका बाजूला ओढलेला. ओठ सुधारला, बोलणं परतलं (ते परतल्याचं घरच्यांना लवकरच दुःख झालं, असं ती स्वतःच म्हणायची), पाय ओढत का होईना चालू लागला. हात तेवढा राहिला. मोठ्या इस्पितळाने तिला घरी पाठवलं आणि कुणीतरी सांगितलं, विद्यापीठात एक व्यवसायोपचार विभाग आहे, तिथे हाताला काम शिकवतात.

विद्यापीठात त्या विभागाला कुणी त्या नावाने हाक मारत नसे. 'वरच्या चहावाल्या' म्हणत. कारण विभागात वर्गखोल्या दोनच, आणि तिसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर. खरंखुरं. दोन शेगड्या, पाणी उकळायचा समोवार, चहाची किटली म्हणजे चायनिक, बसायला जमिनीवर जाड गाद्या, मध्ये बुटकं मेज, पीठ मळायची परात, विद्यार्थ्यांनी रबरी नळी गुंडाळून जाड केलेल्या मुठींच्या सुऱ्या. विभागप्रमुख जिपार हिने ती खोली वर्षभर भांडून मिळवली होती. जिपार सेहेचाळीसची. मेंदूच्या वॉर्डात चौदा वर्षं नर्स होती. माणसं वाचतात, घरी जातात आणि घरात सामानासारखी एका कोपऱ्यात पडून राहतात, हे बघून बघून तिचं डोकं फिरलं, आणि अडतिसाव्या वर्षी ती घरदार सासूवर टाकून जॉर्जियाला गेली, दोन वर्षं हे शिकून आली. परत आल्यावर तिला लोकांनी विचारलं, "चहा करायला शिकायला दोन वर्षं लागतात का गं?"

पहिल्या दिवशी उल्कानने त्या खोलीत येऊन धापा टाकत गादीवर बसकण मारली. जिपारने तिला नेहमीचा प्रश्न विचारला, जो विभागात प्रत्येकाला पहिल्यांदा विचारला जातो. तुम्हाला काय परत करता यायला हवंय?

"बस चालवायचीय म्हटलं तर द्याल?"

"ते नाही जमायचं, एजे." वयाने मोठ्या बाईला जिपार एजेच म्हणे, आणि विद्यार्थी जिपारला.

"मग चहा." उल्कानने डाव्या हाताने उजवा हात मांडीवर घेतला. "सून चांगली आहे माझी. चायनिक हातात घेऊच देत नाही. तुम्ही बसा आई, तुम्ही बसा. शेजारीण आली तरी तीच ओतते, माझ्याही पुढ्यात ठेवते. माझ्याच घरात मी पाहुणी झालेय. आणि पाहुणा किती दिवस बरा वाटतो, ते मला माहीत आहे."

आठवड्यातून तीनदा ती येऊ लागली. प्रत्येक मजल्याच्या वळणावर थांबून शिव्या द्यायची. कुणाला ते सांगत नसे, पण जिन्याकडे बघून देत नसे, एवढं खरं.

सप्टेंबरमध्ये वरून, म्हणजे खालून, पहिल्या मजल्यावरून, पत्र आलं. प्रत्येक विभागाने आपला पुढल्या पाच वर्षांचा आराखडा स्वतः तयार करावा. आपण कुठे आहोत, कुठे जायचंय, कसं जायचंय. आकड्यांसह. 'आकड्यांसह' खाली रेघ होती.

जिपारला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, तिला मनापासून आनंद झाला. सहा वर्षांत प्रथमच कुणी विचारलं होतं, तुम्हाला काय हवंय. तिने दोन महिने शनिवार-रविवार बघितला नाही. विभाग तळमजल्यावर आणायचा. विद्यार्थ्यांनी घरोघर जाऊन रुग्णांचं स्वयंपाकघर, संडास, उंबरा बघायचा. जिल्ह्याच्या प्रत्येक इस्पितळात पाच वर्षांनी आपली शिकलेली एक तरी मुलगी असली पाहिजे. बत्तीस पानं झाली. आता आकडे. आकडा कशाचा द्यायचा? जॉर्जियाहून आणलेली एक चाचणी होती, स्वयंपाकघरातल्या कामाची, परदेशात बनलेली, जगभर चालणारी. तिने रात्रंदिवस बसून तिचं भाषांतर केलं होतं. मूळ चाचणीत उभं राहून ओट्यावर काम, आणि कान असलेला मोठा मग. जिपारने ते बदललं. आमची माणसं खाली बसतात, आमची माणसं बिनकानाच्या, वाटीसारख्या पियाल्यात पितात. मग नको, पियाला हवा. सहा पियाले आणले, आणि मूळ मगाला आतून निळी रेघ होती, 'इथपर्यंत भरा', तशी रेघ तिने स्वतः नखांच्या निळ्या रंगाने पियाल्यांना आतून मारली. काठाच्या बोटभर खाली. मगाला होती तिथेच.

पियाला तिने बदलला. रेघ तिथेच राहिली. जिपारसारख्या बाईच्या हातून ही चूक झाली, हे लक्षात ठेवा. पुढे ती स्वतःही हे लपवणार नाही.

ऑक्टोबरमध्ये त्रेचाळीस रुग्णांची चाचणी झाली. घेणारी बेगायम, विभागातली सर्वांत धाकटी अध्यापिका, पंचवीस वर्षांची, अक्षर मोत्यासारखं, आवाज कुणाला ऐकू येईल की काय अशी भीती वाटत असल्यासारखा. मोठ्यांचा शब्द तिने आयुष्यात खाली पडू दिला नव्हता.

उल्कानची पाळी आली. बेगायम फॉर्म आणि घड्याळ घेऊन उभी.

"एजे, आता चहा ओता. निळ्या रेघेपर्यंत."

"कुणासाठी?"

"म्हणजे?"

"अगं, कुणासाठी ओतायचा? समोर कोणी नाही. भिंतीला पाजू?"

"माझ्यासाठी ओता."

"मग उभी काय राहतेस डोक्यावर? बस खाली. ड्रायव्हरच्या डोक्यावर उभं राहू नये, बसमध्ये पाटी असायची."

बेगायम बसली. उल्कानने डाव्या हाताने उजवा हात उचलून चायनिकच्या कानावर ठेवला, बोटं एकेक करून मिटली. आठ महिन्यांत ती बोटं पहिल्यांदा काहीतरी धरून राहिली. दाट चहा ओतला, समोवारची तोटी सोडली, दूध घातलं. एक थेंब बाहेर नाही. पियाला निम्मा झाला आणि ती थांबली. दोन्ही हातांनी पुढे केला. उजवा हात खालून नुसता टेकलेला, पण दोन्ही हातांनी.

"रेघेपर्यंत, एजे."

"दिसतेय रेघ. डोळे शाबूत आहेत माझे."

"मग अजून थोडा..."

"काठोकाठ? तुला? आत्ता कुठे बसलीस. बाई माझे, तुला हाकलून देऊ का मी? भरलेला पियाला म्हणजे प्या आणि चालू लागा. आईनं शिकवलं नाही का तुला? अर्धा पी, मी परत ओतते, परत पी. आणि लग्न कधी करतेस ते सांग."

बेगायम हसली. प्यायली. उल्कानने परत ओतला. परत प्यायली. तीन वेळा. तिन्ही वेळा निम्मा, तिन्ही वेळा थेंब नाही. मग बेगायमने फॉर्म बघितला. 'पातळी रेघेपर्यंत: हो / नाही.' तिने 'नाही'वर खूण केली. या एका खुणेवर सगळी चाचणी नापास होते, तेही तिला माहीत होतं.

तिला कळत नव्हतं असं समजू नका. घरी तीही निम्माच ओतते, तिची आई ओतते, आजी ओतायची. पण फॉर्म जिपार एजेंनी केलेला. आणि मोठ्यांनी केलेल्या कागदात चूक आहे असं तोंडावर म्हणायची आमच्याकडे रीत नाही. शाळेत नाही, घरात नाही, ऑफिसात तर नाहीच. कागद एक सांगतो, डोळे दुसरं बघतात, आणि खूण आपण कागदाप्रमाणे करतो. मी स्वतः किती केल्यात, सांगायला बसलो तर लाज वाटेल.

आकडा आला: त्रेचाळिसांपैकी नऊ उत्तीर्ण.

जिपारने तो तीनदा मोजला. मग ती चिडली. आणि चिडली ती चुकीच्या माणसावर, जसं आपण नेहमी चिडतो. गुरुवारी उल्कान आली तेव्हा जिपार तिला म्हणाली, "एजे, आठ महिने झाले. मुली जीव तोडतात तुमच्यासाठी. एक पियाला भरता येऊ नये? घरी सराव करता की नुसत्या बसता?"

उल्कानने तिच्याकडे बघितलं. ती उठली. कोट चढवला, डाव्या हाताने बटणं लावली, सगळी, एकटीने, आणि गेली. त्यानंतर ती आलीच नाही.

जिपारने आकडा तसाच खाली पाठवला. नऊ. वाढवून पाठवता आला असता. तिच्या शेजारच्या विभागांनी वाढवूनच पाठवले. तिला वाटलं, खरा आकडा दिला तर मदत मिळेल.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात विद्यापीठाचा एकत्र आराखडा छापून आला. जिपारची बत्तीस पानं कुठेच नव्हती. पान सतरावर चार ओळी होत्या. 'स्वयंपाकघर-सराव कक्षाची उपयुक्तता चाचणीतून सिद्ध झालेली नाही (उत्तीर्ण रुग्ण ४३ पैकी ९). सबब व्यवसायोपचार विभाग शारीरिक उपचार विभागात विलीन करावा. कक्षाचे रूपांतर आधुनिक सराव-दालनात करावे. अंमलबजावणी नवीन सत्रापासून.' नवीन सत्र फेब्रुवारीत.

ती उपकुलगुरूंच्या दारात तीन वेळा जाऊन बसली. बाहेरची बाई पहिल्यांदा म्हणाली मीटिंगमध्ये आहेत, दुसऱ्यांदा म्हणाली पाहुणे आहेत, तिसऱ्यांदा म्हणाली, "एजे, परिषदेत बोला की. त्यासाठीच तर परिषद असते." आणि हसली.

मग तिने उल्कानला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"रागावलात?"

"कोण, मी? पासष्ट माणसं कोंबलेल्या बसमध्ये लोक मला काय काय म्हणायचे, तू काय म्हणणार." मग जरा थांबून, "सुनेला परवा सांगितलं, चायनिक इकडे आण. आणला. शेजारणीला मी ओतला. सून रडायलाच लागली, वेडी."

"सांडला नाही?"

"सांडेल कशाला?"

जिपार फोन हातात धरून उभी राहिली. सांडत नाही. शेजारणीला ओतते. मग चाचणीत काय झालं? तिला ते तेव्हाही कळलं नाही. आपली स्वतःची सवय आपल्याला दिसत नाही, ती हवेसारखी असते. "एजे, या गुरुवारी परिषद आहे. पुढच्या गुरुवारी दहा वाजता तुम्ही या. नक्की या," एवढंच ती म्हणाली.

परिषद तळमजल्यावरच्या दालनात भरली. खिडक्यांबाहेर कोळशाच्या धुराने दुपारीच संध्याकाळ केलेली. लांब मेज, एकवीस सभासद, त्यांतल्या चारच बायका, आणि भिंतीशी खुर्च्यांवर विभागांचे लोक. आमच्याकडे सभा कितीही मोठी असो, खोलीत जी वयाने सर्वांत लहान बाई असेल ती चहा ओतते. तिने पीएचडी केलेली असो, ती भाषण करायला आलेली असो. त्या दिवशी सर्वांत लहान बेगायम होती. जिपारने तिला आकड्यांबद्दल कुणी विचारलं तर सांगायला म्हणून आणलं होतं. बेगायमने आपली फाइल खुर्चीवर ठेवली आणि थर्मास उचलला.

सचिवाने वाचायला सुरुवात केली. पान अकरा. पान बारा. माना हलत होत्या. उपकुलगुरू मेजाच्या टोकाला, चष्मा कपाळावर, खाली बघून कशावर तरी सह्या करत. बेगायम एकेकापुढे पियाला ठेवत चालली होती. उपकुलगुरूंनी न बघता उचलला, प्यायला, न बघता पुढे सरकवला. तिने परत ओतला. परत सरकवला. परत ओतला.

"पान सतरा," सचिव म्हणाला.

जिपार बेगायमच्या हाताकडे बघत होती. निम्मा. पुढच्या माणसाला निम्मा. त्याच्या पुढच्यालाही. एकवीस पियाले, एकवीस निम्मे, आणि निळी रेघ मारली असती तर एकही तिच्या जवळपास पोचला नसता.

आपण कुठे चुकलो ते तिला आत्ता दिसलं. 

"उपयुक्तता चाचणीतून सिद्ध झालेली नाही..." सचिव वाचत होता.

"बेगायम," जिपार उठून उभी राहिली. "अगायचा पियाला भर."

अगाय म्हणजे सर. विद्यापीठात सगळे पुरुष अगाय. सचिव थांबला. बेगायमने पियाल्यात बघितलं. "भरलाय, एजे."

"काठोकाठ भर."

"एजे..."

"मी सांगतेय ना? तू माझं ऐकतेस ना नेहमी? मग भर."

 बेगायमने थर्मास वाकडा केला. चहा वर आला, आणखी वर आला, काठाशी फुगून उभा राहिला, आणि एक ओघळ पियाल्याच्या बाहेरून उतरून सह्यांच्या कागदावर गेला. उपकुलगुरूंनी मान वर केली. त्यांनी पियाला बघितला. मग बेगायमला, मग जिपारला. 

शरीररचनेचे म्हातारे प्राध्यापक सर्वांच्या आधी बोलले. "पोरी, डोकं ठिकाणावर आहे ना? चालू सभेतून माणसाला उठवतेस?"

"हा अपमान आहे," उपकुलगुरू म्हणाले. आवाज न चढवता, म्हणजे जास्तच चिडून.

"हो ना, अगाय?" जिपार म्हणाली. "लगेच कळला ना तुम्हाला? वाचायला समिती लागली नाही, आकडा लागला नाही. नुसता पियाला बघितलात आणि कळलं. बेगायम, ऑक्टोबरमध्ये तू उल्कान एजेला रेघेपर्यंत भर म्हणालीस, तेव्हा ती काय म्हणाली? मोठ्यानं सांग."

बेगायम थर्मास छातीशी धरून उभी होती. "म्हणाली, तुला हाकलून देऊ का मी."

"आणि बाकीच्या?"

"सगळ्या तेच म्हणाल्या, एजे. वेगवेगळ्या शब्दांत. एकीनं मला... एकीनं मला निर्लज्ज म्हटलं."

"मला का नाही सांगितलंस?"

"फॉर्म तुमचा होता." एवढं बोलून ती रडेल असं वाटलं, पण रडली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिचा आवाज दालनाच्या टोकापर्यंत गेला. "आणि पास झाले ते नऊ जण, एजे. नऊच्या नऊ पुरुष. त्यांनी घरी कधी चहा ओतलाच नव्हता, म्हणून त्यांनी भरला. एक जण तर विचारत होता, चायनिक कुठून धरायचा."

मेजावर हशा पिकला. चार बायका जास्त हसल्या. म्हातारे प्राध्यापकही हसले आणि मग आपल्या पियाल्याकडे बघत राहिले. त्यांनाही बहुधा आठवत होतं, आपण शेवटचा कधी ओतला ते.

उपकुलगुरू हसले नाहीत. त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "जिपार एजे, फॉर्मचं भाषांतर कोणाचं?"

"माझं."

"पियाल्यांना रेघ कोणी मारली?"

"मी. माझ्या नखांच्या रंगानं."

"म्हणजे चूक तुमची."

"माझी. नुसती चूक नाही, लाज वाटावी अशी चूक. सचिव, लिहून घ्या. विभागप्रमुखांनी आपल्याच लोकांना परक्या रेघेनं मोजलं, आणि ज्या बाईनं तीन वेळा थेंब न सांडता ओतला तिला आळशी म्हटलं. तिला म्हटलं, घरी नुसत्या बसता का. हे सगळं लिहा, मी सही करते. काय शिक्षा असेल ती द्या. आणि आता पुढचं लिहा. आकडा खोटा ठरला. पान सतराला त्या आकड्याशिवाय दुसरं कारण नाही. आकडा गेला, तर पान सतरा जातं. काढा ते."

सचिवाने लिहायला घेतलेलं पेन उपकुलगुरूंकडे बघत हवेत धरलं.

"आराखडा असा एखाद्या आकड्यावर उभा नसतो," उपकुलगुरू म्हणाले. शिकवायच्या आवाजात. "एकूण दिशा असते. विद्यापीठाची गरज असते. काळ कुठे चाललाय ते बघावं लागतं."

"चार ओळी आहेत, अगाय. त्यात दिशा नाही, काळ नाही. नऊ आहे. एवढंच आहे."

म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पान जवळ नेऊन वाचलं. "खरंय. एवढंच आहे."

"चाचणी परत घेते," जिपार म्हणाली. "रेघ पुसून घेते. एका आठवड्यात घेते. तुम्ही स्वतः येऊन बसा. कोणालाही पाठवा. त्यांनी ओतलेला प्या आणि मग लिहा काय लिहायचं ते."

"त्याची गरज नाही."

"का नाही? आकडे तुम्हीच मागितलेत ना?"

"एजे, विषय लांबवू नका."

"मी लांबवत नाहीये. खोली घ्यायचीय तर कारण द्या. मला कारण पटलं तर मी स्वतः समोवार उचलून खाली आणते."

"कारण, कारण!" उपकुलगुरूंनी सह्यांच्या कागदांवर हात आपटला. काठावरचा चहा हलला आणि आणखी सांडला. "सरावाचे पुतळे जूनमध्येच मागवलेत! बोलणारे, श्वास घेणारे, अख्खे बारा. फेब्रुवारीत येतायत. ते ठेवायचे कुठे, अंगणात?"

बोलल्यावर त्यांना कळलं काय बोललो ते. सचिवाने पेन हळूच खाली ठेवलं, जणू ते पेन त्याचं नव्हतंच.

"जूनमध्ये," जिपार म्हणाली.

उपकुलगुरूंनी सह्यांचे कागद गोळा करायला घेतले.

"पत्र सप्टेंबरमध्ये आलं आम्हाला. तुमच्या विभागाची पुढची पाच वर्षं तुम्हीच ठरवा, असं पत्र. मी ते खोलीत लावलं होतं, दारावर. मुलींना दाखवलं. बघा म्हटलं, विचारतायत आपल्याला." ती ओरडत नव्हती. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं नंतर सचिव सांगत होता; ओरडणाऱ्या बाईला बाहेर काढता येतं. "मी दोन महिने लिहिलं. बेगायमनं त्रेचाळीस माणसं बसवली, एकेकाला तास तास. त्या बायकांना वाटलं, आपल्या हातात परत जीव आला का, ते कुणीतरी बघतंय. आणि खोली जूनमध्येच रबराच्या बाहुल्यांना दिलेली होती. मग आमच्याकडून काय हवं होतं तुम्हाला? आराखडा नको होता. तुम्हाला नापास हवा होता. आम्हाला विचारलंत ते आमच्याच हातानं आमचं कुलूप लावून घ्यायला. आणि मी लावलं! माझ्या रंगानं!"

"मताला टाकू," उपकुलगुरू म्हणाले. "पान सतराच्या बाजूनं कोण..."

दोन-तीन हात अर्धवट उचलले गेले आणि शेजारच्यांकडे बघून तिथेच थांबले. म्हाताऱ्या प्राध्यापकांनी आपले दोन्ही हात मेजाखाली घेतले. सचिव घसा साफ करून म्हणाला, "एजे, बसा आता. उत्तर लेखी कळवतील."

"लेखी नको."

जिपार मेजाच्या कडेने चालत गेली आणि उपकुलगुरूंच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर, उभी राहिली. बेगायमही भिंतीकडे परत गेली नाही. थर्मास घेऊन तिच्या मागे उभी राहिली.

"मत सगळ्यांचं घ्या, नंतर घ्या. उत्तर तुम्ही द्यायचंय. पुढच्या गुरुवारी दहा वाजता उल्कान एजे येणार आहे. तिच्यामागून अकरा जणी आहेत, त्यांच्या वेळा ठरल्यात. जानेवारीत येतील, फेब्रुवारीतही येतील. मला त्यांना आज फोन करायचेत. दिशा सांगू नका मला, समितीचं नाव सांगू नका. ती खोली त्या बायकांची राहणार आहे की नाही? हो की नाही, अगाय? माझ्याकडे बघा आणि सांगा."